नाव शेवटी

मामाची खुर्ची टाकीजवळ असते, पण टाकीकडे तोंड करून नसते. ती आडवी ठेवलेली असते, भिंतीकडे बघणारी, आणि टाकी मामाच्या डाव्या कानाशी येते. घरी पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, हा गृहस्थ रुसून बसलाय. मामी म्हणते, "लोकांना वाटतं आमचं भांडण झालंय."

खरं कारण डोळ्यांचं आहे. मामाच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग निकामी झालाय. तो ज्याच्याकडे बघतो नेमकं तेच पुसलं जातं, कडेचं मात्र राहतं. जिथे कॅलेंडरचा खिळा आहे तिथे नजर धरली की डाव्या कडेला टाकीचा उजेड येतो आणि त्या उजेडात हलणारा एक नारिंगी ठिपका. तो ठिपका म्हणजे बाईसाहेब. टाकीतलं बाकी काहीच आता त्याला दिसत नाही. डॉक्टर म्हणाले होते, "कडेचं राहील, बहुतेक." मामाने त्यातलं 'बहुतेक' सोडून दिलं आणि खुर्ची फिरवली.

बाईसाहेब म्हणजे क्लाउनफिशची मादी. वय पंधरा, लांबी माझ्या तळहाताएवढी, डोक्यामागे एकच पांढरा पट्टा. तिचा नर जेमतेम अंगठ्याएवढा. तो कायम तिच्या दोन बोटं मागे असतो, म्हणून त्याचं नाव कारकून. या माशांत मादी गेली की काही महिन्यांनी नराचीच मादी होते. मामा हे पाहुण्यांना फार खुशीत सांगायचा. "जागा रिकामी झाली की कारकुनाला बढती. फक्त मिशी काढावी लागते." कारकून इतका लहान आहे की मामाला तो आता कडेनेही दिसत नाही. बाईसाहेब दिसल्या म्हणजे मागे कारकून असणारच, असं तो धरून चालतो.

मी सागरी प्राणिशास्त्र शिकले आणि नोकरी करते पिण्याच्या पाण्याच्या प्रयोगशाळेत. तिथे ज्या नमुन्यात काहीच सापडत नाही तो चांगला. म्हणून रविवार मामाकडे जातो. तिथे उलट आहे.

मामाने तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. त्याच्या हाताखालचा एखादा नवा पोरगा धावत येऊन म्हणायचा, "साहेब, बेअरिंग गेलं." मामा विचारायचा, "कोणी सांगितलं? बेअरिंगने?" मग त्या पोराला परत पाठवायचा. काय ऐकलंस, किती वेळाने ऐकलंस, हात लावल्यावर किती गरम लागलं, ते आधी सांग. नाव शेवटी. "एकदा नाव घेतलं ना, की कान फक्त तेवढंच ऐकतात," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

टाकीची वहीसुद्धा त्याच पद्धतीने चालते. टाकीत ओळख न पटलेला जीव दिसला की त्याला एक पान. पानाची वरची ओळ कोरी सोडायची. खाली तारीख, वेळ आणि जे दिसलं ते. पक्की खात्री झाली की मगच वरच्या ओळीत नाव. एका स्पंजचं नाव लिहायला चौदा महिने लागले. अजून सहा पानांच्या वरच्या ओळी कोऱ्या आहेत. मामाला वाचता येईनासं झाल्यापासून ती वही मी लिहिते.

दगड मीच आणला होता. लाइव्ह रॉक म्हणतात तो, समुद्रातून आलेला, भोकाभोकांचा, वजनाने आठ किलो. दगड हा खरं तर निमित्त असतो. त्याच्या भोकांमधून, कपारींमधून कोण कोण येतं, हीच मजा. मामा त्यांना 'विनातिकीट' म्हणतो. काही विनातिकीट गुणी असतात, वाळू साफ करतात, शेवाळ खातात. काही नसतात. म्हणून नियम असा की नवा दगड चार आठवडे बादलीत वेगळा ठेवायचा, रोज टॉर्च मारून बघायचा, आणि मगच टाकीत.

बादली बाथरूममध्ये होती. नवव्या दिवशी मामी म्हणाली, "अगं, आंघोळ करताना कोणीतरी बघतंय असं वाटतं मला." आणि मामा म्हणाला, "टाकून दे आता टाकीत."

"मामा, चार आठवडे. तुझाच नियम आहे."

"चार आठवड्यांनी मी काय बघणार, प्रोफेसर? तू सांगशील ते?"

तेव्हा त्याचा डावा डोळा अजून बातम्यांचे मथळे वाचत होता. उजवा केव्हाच गेला होता. दगडावरून कोण कोण उतरतं ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, आणि डोळा किती दिवस थांबेल ते कोणालाच माहीत नव्हतं. मी दगड जास्त खारट पाण्यात बुडवला, खळखळून हलवला. दोन खेकडे आणि एक किडा बाहेर पडला. मी म्हटलं, जे निघायचं ते निघालं. दगड टाकीत गेला.

पुढचे तीन आठवडे फार चांगले गेले. मामा नाक काचेला लावून बसायचा. दगडाच्या एका भोकातून पिसांचा पंखा बाहेर यायचा आणि आपली सावली पडली की मिटायचा. एका कपारीतून पाच बारीक, काटेरी हात चाचपडत बाहेर यायचे, मालक मात्र कधीच बाहेर येत नसे. "भाडेकरू," मामा म्हणाला, "भाडं मागायला गेलं की हात दाखवतो फक्त." आम्ही चार पानं भरली. वरच्या ओळी कोऱ्या.

मग एका सकाळी त्याने मामीला विचारलं, "आज पेपर कोरा कसा आलाय?"

त्यानंतर खुर्ची फिरली.

त्याच महिन्यात टाकीतल्या समुद्रफुलाने जागा बदलली. समुद्रफूल हा प्राणीच, मऊ, बोटांच्या झुबक्यासारखा. तो पायाने दगडाला चिकटतो आणि मनात आलं की सरकतो. क्लाउनफिश त्याच्या झुबक्यात राहतात. ते सरकत सरकत नव्या दगडावरच्या एका खळग्यात जाऊन बसलं. मागोमाग बाईसाहेब, त्यांच्या मागे कारकून. मामा खूश झाला, कारण नवा दगड त्याच्या बाजूला होता. ठिपका जवळ आला होता.

आणि एका रविवारी मामाने बोट वर केलं. "ऐक."

मी ऐकलं. पंपाची घरघर, पाण्याचा आवाज. मग, टक्. काचेवर आतून कोणी नख मारावं तसं.

"आठवडाभर ऐकतोय," मामा म्हणाला. "पंपाचा नाही. हीटरचाही नाही. दिवसातून चार-पाच वेळा, संध्याकाळी जास्त. काय असेल?"

माझे कान एकदम टवकारले. कॉलेजात मी याच्यावर सेमिनार दिला होता. "पिस्तूल श्रिंप! मामा, ती एक छोटी कोळंबी असते. तिचा एक चिमटा मोठा असतो, तो ती इतक्या जोरात मिटते की पाण्यात बुडबुडा फुटतो आणि आवाज होतो. काही करत नाही बिचारी. बिळात राहते."

"पाहिलंस?"

"नाही, पण…"

"नाव शेवटी."

"अरे, दुसरं काय असणार?"

दुसरं काय असणार ते मला माहीत होतं. त्याच सेमिनारच्या त्याच स्लाइडवर ते उजव्या बाजूला होतं: मॅन्टिस श्रिंप. तीही दगडातून येते, तीही टक् असा आवाज करते, पण ती चिमटा वाजवत नाही, ठोसा मारते. शिंपले फोडते, खेकडे फोडते. माशांनाही सोडत नाही. मामाच्या डाव्या बाजूला नुकताच जवळ आलेला तो नारिंगी ठिपका मी पाहिला आणि मला स्लाइडवरचं डावीकडचंच नाव हवंसं वाटलं. दगड मी आणला होता. बादलीतून नवव्या दिवशी मी काढला होता.

मी नवं पान उघडलं आणि वरच्या ओळीत लिहिलं: पिस्तूल श्रिंप. शाईने. मामाला दिसणार नव्हतं.

त्यानंतरचे चार रविवार मी त्या पानावर काय लिहिलं ते आज वाचवत नाही. पहिल्या रविवारी वाळूवर एक रिकामी गोगलगाय सापडली, शंखाच्या कडेला टवका उडालेला. मी लिहिलं, दगडावरून पडली असावी. दुसऱ्या रविवारी मामा म्हणाला, "आता आवाज एकेकटा येत नाही. टक्-टक्-टक्, थांबतो, मग परत. खिळा ठोकतात तसा." मी लिहिलं, बहुधा दोन असाव्यात, जोडी जमली असावी. तिसऱ्या रविवारी काच साफ करणारा खेकडा दिसला नाही, त्याचा एक पाय दिसला. खेकडे कात टाकतात, मी लिहिलं. यातलं एकेक घेतलं तर अशक्य काहीच नव्हतं. एकत्र घेतलं असतं तर… पण वरच्या ओळीत नाव होतं, आणि जे येईल ते त्या नावाखाली नीट बसत गेलं.

चौथ्या रविवारी बाईसाहेबांनी अंडी घातली. समुद्रफुलाच्या पायाशी, दगडावर, लालसर ठिपक्यांचा एक पट्टा. मी मामाला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली.

बुधवारी दुपारी मामीचा फोन आला. मी प्रयोगशाळेत होते.

"अगं, त्या दगडातून एक काहीतरी बाहेर आलंय."

"कसं आहे?"

"मला बाई नावं येत नाहीत तुमची."

"नाव नको. दिसतं ते सांग."

"हिरवट आहे. कोळंबीसारखं, पण चपटं. माझ्या मधल्या बोटाएवढं. पुढे दोन हात आहेत ना, ते छातीशी घडी करून ठेवलेत, बॉक्सरसारखे. आणि डोळे… ई! काड्यांवर डोळे आहेत. एक माझ्याकडे बघतोय आणि एक ह्यांच्याकडे."

मामीला काहीच माहीत नव्हतं, म्हणून तिने बरोबर पाहिलं. मी फोन ठेवला. समोरच्या नमुन्यात काही नव्हतं. मी 'काही नाही' असं लिहिलं आणि हाफ डे टाकला.

संध्याकाळी मी चाळीस मिनिटं टॉर्चला लाल कागद लावून बसले. मग ती बाहेर आली. समुद्रफुलाच्या खळग्याच्या अगदी शेजारी एक गोल भोक होतं, त्यातून आधी दोन डोळे आले. ते वेगवेगळे फिरत होते. मॅन्टिस श्रिंपचे डोळे प्राण्यांमधल्या सगळ्यात गुंतागुंतीच्या डोळ्यांपैकी आहेत. आपल्याला न दिसणारे रंगही त्यांना दिसतात. मी हे बोलून गेले, आणि लगेच जीभ चावली.

"चला," मामा भिंतीकडे बघत म्हणाला, "घरात एकाचे तरी डोळे चांगले आहेत."

मग तो म्हणाला, "वही काढ. आवाजाचं पान. पहिल्यापासून वाच."

मी तारखेपासून वाचायला सुरुवात केली.

"वरून."

मी बोटाने वरची ओळ झाकली.

"लिहिलीस वरची ओळ?"

"हो."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"पेन्सिलने?"

"शाईने."

मामाने मान हलवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "वाच पुढे, ज्युनिअर," तो म्हणाला. लहानपणापासून मला प्रोफेसर म्हणत आलेल्या माणसाने. मी चारही रविवार वाचून दाखवले. टवका उडालेला शंख. खिळा ठोकल्यासारखा आवाज. खेकड्याचा पाय. सगळं लिहिलेलं होतं. माझ्याच अक्षरात.

त्यानंतरचे दोन दिवस आम्ही जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं. बाटलीचं तोंड उलटं बसवून पिंजरा केला, आत कोळंबीचा तुकडा ठेवला. पहिल्या दिवशी एक गोगलगाय सापडली, दुसऱ्या दिवशी कारकून. मॅन्टिसने बाटलीच्या बाहेर बसून आत बघितलं आणि परत गेली. मग सिरिंजने तिच्या भोकात सोडा वॉटर सोडलं. त्याने ती गुदमरून बाहेर यायला हवी होती. पण भोकाला मागे दुसरं तोंड होतं, आणि सोडा पसरला तसं समुद्रफूलच आक्रसून मुठीएवढं झालं. बाईसाहेब त्याच्याभोवती वेड्यासारख्या फिरत राहिल्या. मी सिरिंज बाजूला ठेवली.

"दगडच बाहेर काढला तर?" मामीने विचारलं.

मामाला टाकीतली प्रत्येक कपार पाठ आहे. त्याने हवेत हात फिरवत सांगितलं. "समुद्रफुलाचा पाय आत खोलवर गेलाय. ओढलं तर फाटेल. फाटलं तर त्याचं विष पाण्यात जाईल आणि उरलेले सगळे मरतील. आणि हा दगड मागच्याला टेकलाय, मागचा त्याच्या मागच्याला. सोळा वर्षांत सगळे एकमेकांना चिकटलेत. एक काढायचा म्हणजे सगळी रास उतरवायची."

"मग?"

"मग काय? मासा काढायचा."

मी दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, छोटी टाकी आहे, पण तिचं पाणी तयार व्हायला गुरुवार उजाडेल, नाहीतर म्हातारा मासा त्या पाण्यात टिकणार नाही. तोपर्यंत म्हणून शुक्रवारी मी एक जाळीची टोपली टाकीत वरच्या कोपऱ्यात टांगली आणि बाईसाहेबांना पकडून तिच्यात ठेवलं. पकडायला दीड तास लागला. त्या माझ्या बोटाला चावल्या.

टोपली मामाच्या कडेलाच होती, म्हणजे ठिपका त्याला दिसत होता. पण तो ठिपका आता वर-खाली, वर-खाली, एकाच जागी आपटत होता. खाली तिची अंडी होती आणि ती राखायला जाता येत नव्हतं. शनिवारी तिने खाल्लं नाही. रविवारी मी गेले तेव्हा तिच्या नाकावरची कातडी जाळीला घासून पांढरी पडली होती.

"सोड तिला," मामा म्हणाला.

"मामा, मॅन्टिस खालीच आहे."

"माहीत आहे."

"चारच दिवस. गुरुवारी टाकी येतेय."

"कुठे ठेवणार ती?"

"बाथरूममध्ये. दुसरीकडे जागा नाही."

"मग मी काय बाथरूममध्ये खुर्ची टाकून बसू?"

"बसा की," मामी म्हणाली, "मी काय नाही म्हणतेय का?"

एरवी या वाक्यावर आम्ही तिघं हसलो असतो. मामाचा चेहरा खिळ्याकडे होता. "दोन दिवस हे असं बघतोय मी," तो म्हणाला. "तुम्ही दुसरीकडे बघू शकता. मला एवढंच दिसतं."

मी नाही म्हणायला हवं होतं. मी शिकलेली होते, मला माहीत होतं, मामाला दया येत होती आणि मला हिशोब यायला हवा होता. पण गेल्या महिन्याभरात मला जे जे माहीत होतं त्याचं काय झालं ते त्या वहीत लिहिलेलं होतं. मग मला असं वाटू लागलं होतं, की आता मी कशावर अडून बसावं असं काही उरलेलं नाही. मी टोपलीचं झाकण काढलं.

बाईसाहेब सरळ खाली गेल्या. आधी अंड्यांपाशी, मग त्या गोल भोकासमोर. तिथे थांबून त्यांनी शेपटी जोरात हलवली, भोकात वाळू उडवली. कारकून लांबून बघत होता. भोकातून काही आलं नाही.

"आता बरं दिसतंय," मामा म्हणाला. ठिपका परत पूर्वीसारखा फिरत होता. त्या संध्याकाळी मामाने दोन वेळा चहा मागितला.

बुधवारी सकाळी त्याचा फोन आला. मामा स्वतः फोन कधी लावत नाही. आकडे दिसत नाहीत म्हणून त्याला ते बोटांनी मोजावे लागतात.

"ठिपका दिसत नाही," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"सकाळी टाकीचे दिवे लागल्यापासून. मी तुझ्या मामीला विचारलं. ती म्हणते, आहेत की, फिरतायत छान." मग म्हणाला, "म्हणजे कडेचंही गेलं असणार. उजेड दिसतोय अजून, पण ठिपका नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बहुतेक. तू संध्याकाळी येतेस का जरा? डॉक्टरांकडे जायचं तर उद्या सकाळी लवकर निघावं लागेल."

मी संध्याकाळची वाट बघितली नाही. पोचले तेव्हा मामीने दार उघडलं आणि मला तिथेच थांबवलं. दार तिने मागे ओढून घेतलं.

"मी त्यांना सांगितलंय, आहेत म्हणून," ती कुजबुजली. "तूही तसंच म्हण. चार दिवस जाऊ देत. आपण तसाच दुसरा मासा आणू, त्यांना काय कळणार आहे?"

"मामी, मासा आहे आणि मामाला दिसत नाही, असं झालं तर त्याचा अर्थ काय होतो?"

मग तिने हात तोंडावर नेला. तिने हा विचार केलाच नव्हता. सकाळपासून आतल्या खुर्चीत बसलेला माणूस तिच्या एका मायेच्या शब्दामुळे स्वतःला पूर्ण आंधळा समजत होता.

"अगं बाई," ती म्हणाली. "मग आता काय सांगायचं?"

एक सांगितलं तर त्याचे डोळे जात होते. दुसरं सांगितलं तर ते डोळे राहून त्यांच्यापुढे काही राहत नव्हतं.

मामा खुर्चीत होता, नजर खिळ्यावर. त्याला माझी पावलं कळली. "आलीस? बस. वही घे."

मी टाकीसमोर खाली बसले. मामी दारात उभी राहिली.

"सांग," मामा म्हणाला. "नाव नको. दिसतं ते."

मी टाकीत बघितलं. बराच वेळ बघितलं, कारण जितका वेळ बघत होते तितका वेळ बोलावं लागत नव्हतं.

"एक मासा आहे," मी म्हटलं.

"किती मोठा?"

"अंगठ्याएवढा."

"कुठे?"

"समुद्रफुलाच्या पायाशी. अंड्यांना पंखांनी वारा घालतोय."

मामाने मान हलवली. "आणखी?"

"दगडाच्या मागे वाळूवर काहीतरी आहे. अर्धं दिसतंय. नारिंगी." मी काचेच्या आणखी जवळ सरकले. "त्यावर एक पांढरा पट्टा आहे. बरगडीशी खड्डा पडलाय."

"हलतंय?"

"नाही."

पंप चालू होता. मामीने दाराची कडी धरली होती, ती थोडी वाजली.

"म्हणजे डोळा आहे," मामा म्हणाला.

"डोळा आहे, मामा."

"आहे तर." त्याने दोन्ही हातांचे तळवे गुडघ्यांवर घासले. तो रडेल असं मला वाटलं, पण तो तसा माणूस नाही. त्याने विचारलं, "आणि कारकून? वारा घालतोय अजून?"

"हो."

"त्याला कळलं नसेल अजून."

मामी पुढे आली. तिला माफी मागायची होती, पण कशाची ते तिला नीट सांगता येत नव्हतं. "अहो, मी आपलं म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल…" मामाने हात वर करून तिला थांबवलं. रागाने नाही. मग तो उठला, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि ती फिरवली. फरशीवर पायांचा आवाज झाला. एवढ्या महिन्यांत त्या चार पायांचे चार गोल डाग तिथे पडले होते, ते तसेच राहिले. खुर्ची आता सरळ टाकीकडे तोंड करून होती, कोणाच्याही घरात असते तशी. मामा तिच्यात बसला आणि त्याने समोर बघितलं, म्हणजे बरोबर जिथे त्याला काहीही दिसत नाही तिथे.

"असू दे अशीच," तो म्हणाला. "लोकांना वाटायला नको भांडण झालंय म्हणून."

मामी आत गेली. नळ सुटल्याचा आवाज आला, भांड्यांचा आला नाही.

गुरुवारी छोटी टाकी येणार होती. दुकानदाराला फोन करून नको म्हणून सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं, आणि फोन पर्समध्येच राहिला. मॅन्टिसचे दोन डोळे भोकाच्या तोंडाशी आले होते. एक वाळूकडे बघत होता, एक आमच्याकडे. तिला बाहेर काढायची एकही युक्ती माझ्याकडे उरलेली नव्हती. ती आता तिथेच राहणार होती, आज ना उद्या कारकूनही बिळाच्या फार जवळ जाणार होता, आणि हे मामाला माझ्याइतकंच माहीत होतं.

टक्.

मामाने सवयीने बोट वर केलं. "किती वाजले?"

"बारा वाजून दहा."

"लिही," तो म्हणाला.

मी लिहिलं.